शाळेंतील समूहगान आणि पंडित पलुस्कर

मावळांत इंद्रायणीच्या खोऱ्यांत, वडिवळ्यापासून खालीं देहू-आळंदीपर्यंत, भजनाच्या मंडळींत बसणारें मूल नेमकें केव्हां गाऊं लागतें हें सांगणें कठीण आहे. प्रथम तें वडिलांच्या मांडीशीं बसतें, मग टाळी धरतें, मग टाळ. आणि एके दिवशीं पुढच्यानें सोडलेला चरण इतरांबरोबर आपणही उचलतें. त्याला ना परीक्षा, ना बक्षीस. एकट्यानें गातांना बुजणारा मुलगा दहांच्या आवाजांत निर्धास्तपणें गातो, हें मर्म वारकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. शाळेला मात्र तें उशिरां उमगलें.

याचें कारण गायनविद्येच्या तत्कालीन स्थितींत होतें. एकोणिसाव्या शतकांत ही विद्या घराण्यांच्या हातीं व दरबारांच्या आश्रयाला होती. शिष्यानें सेवा करावी, समोर बसून तालीम घ्यावी आणि चिजा गुरूच्या मर्जीप्रमाणें मिळाव्या, असा क्रम असे. गाण्याच्या नादानें मुलगा बिघडतो, हा पांढरपेशा घरांतील समज वेगळाच. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढून स्वरलिपीच्या साह्यानें शिक्षण सुरू केलें. परंतु तिला आधार राजाचा होता; लोकांच्या बळावर उभी राहणारी संस्था अजून व्हावयाची होती.

ती पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास काढली. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाडास झाला. लहानपणीं दारूकामाच्या अपघातानें दृष्टि अधू झाली. पुढें मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांनीं विद्या मिळविली. दृष्टीनें अधू अशा या पुरुषानें गाण्यासाठीं स्वतःची लिपि रचली, क्रमिक पुस्तकें छापलीं, वर्ग व परीक्षा ठरविल्या.

समूहगानाच्या दृष्टीनें या लिपीचें महत्त्व मोठें आहे. एकच चीज वीस मुलांना एकाच रूपांत शिकवितां येऊं लागली; चूक कोठें झाली तें बोट ठेवून दाखवितां येऊं लागलें. पण लिपीनें मूल गाऊं शकतें, गाऊं इच्छीतच असें नाहीं. ती इच्छा पंडितजींनीं दुसऱ्या वाटेनें जागी केली. त्यांनीं मुलांच्या तोंडीं भक्तीचीं व देशाचीं पदें दिलीं, स्वच्छ पोषाख व कडक शिस्त लावली, आणि प्रार्थनेंत व सभांत गाण्याची संधि दिली. आपल्या गाण्याचें कोठें तरी काम आहे, हें मुलाला कळलें कीं रोजच्या पलट्यांचा कंटाळा निम्मा होतो.

यावर आक्षेप आला कीं अशा वर्गांतून तानसेन निपजत नाहींत. तानसेन नाहींत तरी कानसेन निर्माण होतील, अशा आशयाचें उत्तर पंडितजी देत, असें सांगतात. तें उत्तर शाळेपुरतें तरी पुरेसें आहे.

या व्रताची किंमत थोडी नव्हती. १९०८ सालीं मुंबईस विद्यालय आलें, मोठी इमारत उभी राहिली, कर्ज वाढलें, आणि शेवटीं १९२४ सालीं ती इमारत लिलावांत गेली. १९३१ सालीं मिरजेस पंडितजी निवर्तले. इमारत राहिली नाहीं, शिष्य राहिले. विनायकबुवा पटवर्धनांनीं १९३२ सालीं पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढलें. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमांत गेले. तेथें त्यांच्यापुढें निवडक गळ्यांचे शिष्य नव्हते. सूत कातणारीं, शेतांत राबणारीं माणसें आणि मुलें होतीं. त्यांच्याकडून खऱ्यांनीं सकाळसंध्याकाळची प्रार्थना गाववून घेतली व भजनावलि सिद्ध केली. १२ मार्च १९३० रोजीं दांडीच्या वाटेला निघालेल्या तुकडींत तेही होते.

आजही शाळेच्या गायनवर्गांत बेसूर मुलाला मागल्या बाकावर गप्प बसविण्याचा मोह शिक्षकाला होतो. खऱ्यांनीं तसें केलें असतें तर आश्रमाची प्रार्थना चार गवयांचीच राहिली असती. बेसूर मुलाला चांगल्या गळ्याच्या दोघांमध्यें बसवावें, त्याच्याकडे टाळ द्यावे आणि ध्रुपद तेवढें म्हणावयास सांगावें. कानाला सूर लागला कीं गळा आपोआप त्याच्या मागें येतो.