गिओनच्या देवाची कुळकथा

क्योतो शहरात शिजो रस्त्याच्या पूर्व टोकाला यासाका हे शिंतो देवस्थान आहे. सुसानोओ, त्याची पत्नी कुशीइनादाहिमे आणि त्यांची आठ मुले हे इथले देव. मात्र १८६८ पर्यंत इथे बैलाच्या मस्तकाचा गोझू तेन्नो पुजला जाई. श्रावस्तीच्या जेतवन विहाराचा रक्षक अशी त्याची ख्याती होती, आणि जेतवनाच्या जपानी नावावरूनच या परिसराला गिओन म्हणतात. त्या वर्षी मेइजी सरकारने शिंतो आणि बौद्ध उपासना वेगळ्या करायचा हुकूम काढला. सुसानोओ आणि गोझू तेन्नो एकच, असे लोक पूर्वीपासून मानत होतेच. हुकुमानंतर बौद्ध नाव गेले, देवस्थान ‘यासाका’ झाले.

देवाचे काम मात्र बदलले नाही. तो साथीच्या रोगांचा देव. साथ आणणारा तोच आणि आवरणाराही तोच. मरीआई ठाऊक असलेल्यांना हे नवल वाटू नये. परंपरा सांगते की ८६९ साली साथ पसरली तेव्हा देशाच्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून या देवाची आळवणी झाली. जुलैभर चालणाऱ्या गिओन उत्सवाचे मूळ ते. त्या भाल्यांचेच पुढे उंच रथ झाले. मोठ्या रथांचे वजन १० टनांच्या वर जाते आणि त्यांची चाके वळत नाहीत. म्हणून चौकात बांबूच्या ओल्या पट्ट्या चाकांखाली घालून रथ दोरांनी आडवा ओढतात.

रथ देवस्थानाचे नव्हेत, गल्ल्यांचे. १५३३ साली शोगुनच्या राजवटीने देवस्थानाचे विधी थांबवले, तेव्हा विधी नसले तरी चालतील पण रथ निघू द्या, असा आग्रह गल्लीकरांनी धरला. व्यापारात पैसा आला तसे रथांवर परदेशी गालिचे चढले. त्यांतले काही भारतात, आपल्या दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे अभ्यासक मानतात.

उत्सवात चिमाकी नावाच्या, बांबूसारख्या पानांच्या जुड्या विकतात. घराच्या दारावर टांगायच्या या जुडीवरच्या चिठ्ठीत ‘आम्ही सोमिन शोराईचे वंशज’ असे लिहिलेले असते. गरीब सोमिनने वाटसरू देवाला आसरा दिला, म्हणून त्याचे कूळ साथीतून वाचले, अशी कथा आहे. देवस्थानाचे चिन्ह काकडीच्या चकतीसारखे दिसते, म्हणून जुलैत काकडी न खाणारेही आहेत.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ साली रथ निघाले नाहीत. २०२२ साली मिरवणूक पुन्हा सुरू झाली, तेव्हा १८२६ नंतर बाहेरच राहिलेला ‘ताकायामा’ रथही तिच्यात परतला. आता रथ ३४ आहेत.