गवळणीची आंघोळ

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरी दरवर्षी एक बळी जातो. गेल्या वर्षी माझा ट्रान्झिस्टर गेला. यंदा सौभाग्यवतींची नजर शोकेसमधल्या गवळणीवर पडली. "अहो, हिला एकदा धुवा तरी, नाहीतर टाकून द्या," असा निकाल देऊन ती चकलीच्या भाजणीकडे वळली.

ही गवळण वीतभर उंचीची, प्लॅस्टर ऑफ पॅरिसची. डोक्यावर घागर, एक हात कमरेवर. आजोबांनी ती सांगलीच्या बाजारातून आणली, माझ्या जन्माच्याही आधी. म्हणजे घरातला मान तिचाच मोठा. प्लॅस्टरच्या नावात पॅरिस शिरलं ते तिथल्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समच्या खाणींमुळे. जिप्सम भाजून त्याची भुकटी करायची, पाणी घालून साच्यात ओतायची, की पुन्हा दगड तयार. पण हा दगड नावाचाच. पाणी दिसलं की आधाशासारखा पितो आणि अंगावरचा रंग सोडून देतो. हे सगळं मला अगदी व्यवस्थित आठवलं. फक्त गवळण बादलीत बुडवून दहा मिनिटं झाल्यावर आठवलं.

बाहेर काढली तेव्हा तिच्या पाठीवरून गुलाबी पापुद्रे निघत होते. तो गुलाबी रंग माझा. आठवीत असताना मी एलिमेंटरी ड्रॉइंगची परीक्षा पास झालो आणि पहिला हात गवळणीवर फिरवला. ओठ रंगवताना ब्रश जरा घसरला, तेव्हापासून बिचारी पान खाऊन बोलल्यासारखी दिसते. वडील त्या वेळी एवढंच म्हणाले होते, "पास केलं कुणी याला?"

पण रंगकामात नाक कापून घेणारा मी एकटा नाही. स्पेनमध्ये एस्तेया नावाचं गाव आहे. तिथल्या चर्चमध्ये घोड्यावर बसलेल्या संत जॉर्जची सोळाव्या शतकातली लाकडी मूर्ती होती. 2018 साली ती स्वच्छ करायचं काम हस्तकला शिकवणाऱ्या एका व्यक्तीकडे सोपवलं गेलं. काम पुरं झालं तेव्हा संताचा चेहरा असा गुळगुळीत गुलाबी झाला होता, की लोकांना कार्टूनमधला टिनटिन आठवला. जगभर हसं झालं. मग तज्ज्ञ बोलावले, नवा रंग काढला, आणि 2019 साली संत पुष्कळसा पूर्वपदावर आला. जुना रंग मात्र जिथे गेला तिथे गेलाच. ही बातमी वाचून सगळे हसले. मी एकटा गंभीर होतो.

गुलाबीच्या खाली हिरवा निघाला. साधासुधा नव्हे, आमच्या जुन्या घराच्या दारांचा हिरवा, जाड ऑइलपेंट. दारांचा रंग गवळणीला कशाला? आजोबांचा काटकसरी स्वभाव, उरलेला डबा संपवला असेल, असं मी ठरवून टाकलं. त्याच्याही खाली कुठेतरी अस्सल निळा डोकावत होता. म्हटलं, आता मूळ गवळणीपर्यंत पोचायचंच. स्वयंपाकघरातली बोथट सुरी घेतली आणि खरडायला बसलो.

या खरडण्याचा इतिहास मोठ्या घराण्यातला आहे बरं का! अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिरातली शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांच्यासाठी लॉर्ड डुवीन नावाच्या धनिकानं नवं दालन बांधून दिलं. दालन आपलं, तेव्हा संगमरवर कसा पांढरा शुभ्र दिसला पाहिजे! 1937-38 साली तिथल्या कामगारांनी तांब्याच्या खरवडण्या आणि कार्बोरंडम घेऊन काही शिल्पांवरची मधाळ झाक घासून काढली. गोष्ट बाहेर आली तेव्हा केवढा गहजब! पुढे महायुद्ध आलं, बॉम्बमध्ये दालनाचंही नुकसान झालं आणि ते लोकांना खुलं झालं 1962 मध्ये. खरी गंमत तर पुढेच आहे. 2009 साली याच शिल्पांवर निळ्या रंगाचे कण सापडले. म्हणजे जो पांढरेपणा मिळवायला एवढं घासलं, तो ग्रीकांना नकोच होता. त्यांनी शिल्पं रंगवली होती!

मी मानेपाशी पोचलो होतो. हिरव्या रंगाची एक खपली उडाली आणि खाली काळपट रेघ दिसली. इतक्यात मागून आईचा आवाज आला, "तिथं नको रे खरडूस."

आई शहाऐंशीची आहे. सहसा खुर्चीतून उठत नाही. आज भिंत धरून आली होती.

"का गं?"

"तुटलीय ती तिथं." मग जरा थांबून, "माझ्याच हातून. लग्नाला दोन महिने झाले होते. झटकताना पडली, मान वेगळी झाली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी रडत बसले. मामंजींनी पाहिलं. काही बोलले नाहीत. चुलीवर राळ आणि मेण वितळवलं, मान चिकटवली, आणि परसातून दारांच्या रंगाचा डबा आणला. सासूबाई आल्यावर म्हणाले, रंग उरला होता, फासला हिलाही. सासूबाई आठवडाभर त्यांच्या रसिकतेचा उद्धार करत होत्या."

"आणि आजीला कधीच कळलं नाही?"

"अठ्ठ्याहत्तर साली त्या गेल्या, तोपर्यंत तरी नाही."

वराहमिहिरानं सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त वज्रलेपाची कृती दिली आहे. कच्ची टेंभुर्णीची फळं, कच्ची कवठं, सावरीची फुलं वगैरे पाण्यात उकळून आठवा हिस्सा उरवायचा आणि त्यात राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस असलं बरंच काही घालायचं. हा लेप एक कोटी वर्षं टिकतो अशी ग्वाहीही आहे. आमच्या आजोबांनी संस्कृत वाचलं नव्हतं, पण राळेपर्यंत ते बरोबर पोचले होते. साठ वर्षांवर झाली. माझी बादलीसुद्धा त्या सांध्याला हलवू शकली नाही.

सुरी जागेवर ठेवली. आता गवळण पाठीला निळी, कमरेला हिरवी आणि तोंडाला माझी गुलाबी अशी आहे. सौभाग्यवतींनी चकलीचा सोऱ्या हातात घेऊनच पाहणी केली. "यापेक्षा धुतली नव्हती तेव्हा बरी होती," म्हणाल्या. पण टाकून द्या म्हणाल्या नाहीत. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं.

गवळण वाळल्यावर आईनं ती मागून घेतली आणि स्वतःच शोकेसमध्ये ठेवली. ठेवताना जरा फिरवली, आणि मानेवरची रेघ भिंतीकडे केली.