एका तापाआड दुसरा ताप

टायफॉइडचा जंतू साल्मोनेला कुळातला, हे आपण वर्गात शिकवतो. याच कुळातले इतर जंतू निरोगी माणसाला बहुधा जुलाबांवरच सोडतात. आफ्रिकेतील लहान मुलांत मात्र ते आतड्याची भिंत ओलांडून रक्तात शिरतात. मग जुलाब होतीलच असे नाही. ताप येतो, अगदी हिवतापासारखा.

केनियाच्या किनाऱ्यावरील किलिफी येथील ग्रामीण रुग्णालयात ऑगस्ट १९९८ पासून दाखल होणाऱ्या मुलांच्या रक्ताचे नमुने पोषक द्रवात ठेवून जंतू वाढतात का, हे पाहिले जाऊ लागले. चार वर्षांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. रुग्णालयात दगावलेल्या मुलांपैकी २६ टक्के मुलांच्या रक्तात जंतू सापडले होते. त्यांतील एकतृतीयांश मुले दाखल झाली त्याच दिवशी गेली. या जंतूंतील प्रमुख जंतूंपैकी एक साल्मोनेला होता.

हिवतापच या जंतूंना वाट करून देतो काय? हे तपासायला कोणी मुलांना हिवताप देणार नाही. पण निसर्गाने प्रयोग मांडूनच ठेवला होता. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार भागांत आढळणारा सिकलसेलचा जनुक आफ्रिकेतही आहे. तो एकाच पालकाकडून आला, तर हिवतापापासून संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले होते. मग अशा मुलांच्या रक्तात जंतूही कमी सापडायला हवेत. किलिफीत तसेच आढळले! पुढे तिथला हिवताप ओसरला. १९९९ मध्ये दर हजार मुलांमागे वर्षाला सुमारे २८ मुले हिवतापाने दाखल होत. २००७ मध्ये ३ ते ४. तसतसे रक्तातील जंतुसंसर्गही घटले आणि जनुकाचे हे जादा संरक्षणही नाहीसे झाले. २०११ साली ही साखळी जगापुढे आली.

कारण काय? हिवतापात तांबड्या पेशी फुटून हीम हे लोहयुक्त द्रव्य बाहेर पडते. ते निस्तरण्याच्या शरीराच्या धडपडीत पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले. कुपोषण आणि एचआयव्ही हेही या जंतूंना वाट करून देतात.

म्हणून रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले, तरी शोध तिथेच थांबवून चालत नाही. आणि मच्छरदाणी केवळ डास अडवत नाही. जो जंतू डास वाहून आणतच नाही, त्यालाही ती अडवते. हे कसे, असा प्रश्न आपण विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.