एस्पोझितो : भिंतीतल्या चाकातून आलेले आडनाव (थ्रेड)

१/
नेपल्स शहरात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव कोणते, या प्रश्नाचे उत्तर आहे ‘एस्पोझितो’. अवघ्या इटलीतही रोस्सी, रुस्सो, फेर्रारी यांच्या पंक्तीत, पहिल्या पाचांत त्याची गणना होते. तरीही या सगळ्या एस्पोझितोंचा मूळपुरुष एक नाही. या नावाला गाव नाही, धंदा नाही, कुळही नाही.

२/
रोस्सी म्हणजे तांबूस केसांचा आणि फेर्रारी म्हणजे लोहाराच्या वंशातला. आडनावाने पूर्वजाचे रूप, व्यवसाय किंवा ठिकाण सांगावे, अशी युरोपातील सर्वसाधारण रीत. एस्पोझितो मात्र पूर्वज कोण ते सांगत नाही. पूर्वज ठाऊक नाहीत, एवढेच तो शब्द सांगतो.

३/
लॅटिन भाषेत ‘एक्स्पोनेरे’ म्हणजे बाहेर ठेवणे, उघड्यावर मांडणे. त्यावरून ‘एक्स्पोझितुस’, म्हणजे बाहेर ठेवलेला. आजच्या इटालियन भाषेत या अर्थाचा रूढ शब्द ‘एस्पोस्तो’ असा आखूड झाला आहे. आडनावाने मात्र जुने, लॅटिनला जवळचे रूप जपले. नोंदवहीत तो शब्द आरंभी नाव म्हणून आला नव्हता, तो शेरा होता : हे मूल बाहेर ठेवलेले सापडले.

४/
हा शेरा जेथे सर्वाधिक वेळा लिहिला गेला, ती संस्था म्हणजे नेपल्सचे ‘सांता कासा देल्ल अन्नुन्झियाता’. चौदाव्या शतकात उदयास आलेल्या या धर्मादाय संस्थेला राजा रॉबर्ट याची राणी सांचा हिचा आश्रय लाभला. चर्च, रुग्णालय आणि टाकून दिलेल्या मुलांचे संगोपनगृह अशी तिन्ही कामे एकाच आवारात चालत.

५/
दानधर्मातून संस्थेकडे अमाप संपत्ती आली. १५८७ साली तिने स्वतःची पेढीही काढली. १७०२ मध्ये ती पेढी बुडाली आणि संस्थेच्या आर्थिक कण्यावरच घाव बसला. १७५७ च्या आगीत चर्च भस्मसात झाले. लुइजी व्हानव्हितेल्ली या विख्यात वास्तुविशारदाने ते पुन्हा उभारण्यास घेतले आणि त्याच्या मुलाने १७८२ मध्ये काम पुरे केले. या सगळ्या उलथापालथीत मुले येणे मात्र थांबले नाही.

६/
मुले येत ती एका चाकातून. इटालियनमध्ये त्याला ‘रुओता’ म्हणत. भिंतीत बसवलेले, उभ्या आसावर फिरणारे, एका बाजूने उघडे असे ते लाकडी पिंप होते. रस्त्यावरून कोणीतरी येई, त्यात अर्भक ठेवी, पिंप फिरवी आणि निघून जाई. आत बसलेली बाई ते उचलून घेई. ठेवणाऱ्याचा चेहरा आतून दिसत नसे. त्यासाठीच तर चाकाची योजना होती.

७/
या चाकाच्या जन्माविषयी एक परंपरागत कथा आहे. रोममध्ये तिबेर नदीत कोळ्यांच्या जाळ्यांत नवजात अर्भकांची प्रेते सापडू लागली आणि व्यथित झालेल्या तिसऱ्या इनोसंट पोपने बाराव्या शतकाच्या अखेरीस असे चाक बसवण्याचा आदेश दिला, असे ती सांगते. तपशिलाची खात्री देता येत नसली, तरी चाकामागचा विचार या कथेत नेमका उतरला आहे : मूल मारण्यापेक्षा निनावी सोडून दिलेले बरे.

८/
आत आलेल्या मुलाला न्हाऊ घालत, त्याचा बाप्तिस्मा करत आणि नोंदवहीत मजकूर लिहीत. कोणत्या वेळी आले, अंदाजे किती दिवसांचे, अंगावर कोणते कपडे, सोबत काय. गळ्यात शिशाची मुद्रा अडकवली जाई. पहिले नाव संस्था देई आणि त्यापुढे येई ‘एस्पोझितो’.

९/
‘सोबत काय’ हा तपशील महत्त्वाचा होता. इटलीतील अशा अनेक संस्थांत मुलांबरोबर अर्धे कापलेले पदक, फाडलेल्या चित्राचा तुकडा, रंगीत फीत किंवा चिठ्ठी सापडे. उरलेला अर्धा भाग आईकडे असे. कधी दिवस पालटले, तर दोन तुकडे जुळवून मूल परत मागता यावे, ही आशा त्यामागे होती. फ्लॉरेन्स आणि मिलानच्या संग्रहांत असे अर्धे तुकडे आजही जपलेले आहेत. ज्यांचा दुसरा अर्धा भाग कधीच आला नाही, असेच ते बहुतेक.

१०/
मुले टाकली का जात? पहिले कारण अब्रूचे. अविवाहित स्त्रीला मूल झाले, तर तिच्या घराण्याची प्रतिष्ठा जाई. पुरुषाला मात्र कायद्याचे कवच होते. नेपोलियनच्या नागरी संहितेने पितृत्वाचा शोध घेण्यास मनाई केली आणि एकीकृत इटलीच्या १८६५ च्या संहितेनेही तीच वाट धरली. बापाचे नाव विचारता येत नसे आणि आईचे नाव सांगता येत नसे. उरे ते फक्त मूल आणि त्याच्या नावापुढचा शेरा.

११/
दुसरे कारण दारिद्र्याचे. टाकलेली सारीच मुले अनौरस नव्हती. दुष्काळात, महागाईत किंवा आईचे दूध आटल्यावर विवाहित दांपत्येही मूल चाकात ठेवत. मिलानमध्ये एकोणिसाव्या शतकात अशा औरस मुलांचे प्रमाण मोठे होते. बाळाला संस्थेच्या खर्चाने दाई मिळेल, पुढे परत आणू, असा हिशेब त्यांच्या मनात असे.

१२/
तो हिशेब क्वचितच जुळे. एकोणिसाव्या शतकात अन्नुन्झियातेत वर्षाला दोन हजारांच्या आसपास मुले येत. इतक्यांना पाजण्याएवढ्या दाया संस्थेत नसत. एकेका दाईकडे अनेक मुले, त्यातच देवी, अतिसार आणि गुप्तरोगांचा संसर्ग. परिणामी आलेल्या मुलांपैकी फार मोठा भाग पहिला वाढदिवसही पाहत नसे. जीव वाचवण्यासाठी बसवलेले चाक अशा प्रकारे पुष्कळांसाठी मृत्यूचे दार ठरले.

१३/
जी जगत, ती बहुधा खेड्यातल्या दाईकडे पाठवलेली असत. संस्था दाईला वेतन देई. काही मुले त्याच घरात लहानाची मोठी होत आणि तिथलीच होऊन जात. नेपल्समध्ये या मुलांना ‘मादोन्नाची लेकरे’ म्हणत. ज्या आईचे स्वतःचे मूल दगावले, ती नवस म्हणून असे लेकरू घरी आणी. मुलींच्या विवाहासाठी संस्था हुंड्याची तरतूद करी. नावातून कलंक दिसत होता हे खरे, परंतु त्याच नावाभोवती काही प्रमाणात श्रद्धेचे वलयही होते.

१४/
आडनाव पसरले त्याचे रहस्य येथेच आहे. मूल दाईच्या गावी जाई, मुलगा तेथे वाढे, लग्न करी आणि त्याचे ‘एस्पोझितो’ हे नाव त्याच्या मुलाबाळांना लागे. ती मुले टाकलेली नसत, त्यांना आईबाप असत, तरी शेरा चालूच राही. एका पिढीची हकिगत पुढच्या सर्व पिढ्यांचे नाव झाली. कांपानिया प्रांतातील एस्पोझितो अशा हजारो स्वतंत्र आरंभांतून आले आहेत. शेजारी राहणाऱ्या दोन एस्पोझितोंत रक्ताचे नाते असेलच, असे मुळीच नाही.

१५/
हे केवळ नेपल्सपुरते नव्हते. फ्लॉरेन्समध्ये ब्रुनेलेस्कीने आराखडा केलेले ‘ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती’, म्हणजे निष्पापांचे रुग्णालय, १४४५ साली सुरू झाले. ५ फेब्रुवारीला तेथे पहिली मुलगी आली. तो संत आगाताचा दिवस, म्हणून तिचे नाव आगाता स्मेराल्दा ठेवले. तस्कनीतील ‘इन्नोचेंती’ आणि ‘देल्यिन्नोचेंती’ ही आडनावे या परंपरेतली.

१६/
रोम आणि उंब्रिया परिसरात ‘प्रोएत्ती’, म्हणजे फेकलेले. सिसिलीत ‘त्रोव्हातो’, म्हणजे सापडलेला. बोलोन्यात ‘देल्यी एस्पोस्ती’. प्रसंग एकच, परंतु पाहण्याची नजर प्रांतागणिक वेगळी. कुणी टाकण्यावर बोट ठेवले, कुणी सापडण्यावर, तर कुणी मुलाच्या निष्पापपणावर.

१७/
मिलानची रीत सर्वांत सौम्य. तेथील मोठ्या रुग्णालयाचे चिन्ह होते पारवा, इटालियनमध्ये ‘कोलोम्बा’. म्हणून तेथील मुलांना ‘कोलोम्बो’ हे आडनाव मिळे. आज ते लोम्बार्डीतील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक आहे. मात्र प्रत्येक कोलोम्बो टाकलेल्या मुलाचा वंशज नव्हे. ते जुने व्यक्तिनामही होते. जेनोव्हाचा दर्यावर्दी ख्रिस्तोफर कोलंबस याचा या रुग्णालयाशी संबंध नाही.

१८/
आता एस्पोझितो या नावाच्या विरोधात उचललेल्या पहिल्या मोठ्या पावलाकडे. १८०८ ते १८१५ या काळात नेपल्सच्या गादीवर नेपोलियनचा मेहुणा जोआकिम म्युरा होता. १८०९ मध्ये राज्यात नागरी जन्मनोंदणी सुरू झाली. चर्चच्या वहीबरोबर आता सरकारी वहीही आली. त्याच राजवटीत टाकलेल्या मुलांना एस्पोझितो हे आडनाव देण्यास मनाई करण्यात आली. नावानेच माणसाच्या कपाळी डाग लागू नये, हा त्यामागचा हेतू.

१९/
त्यानंतर कारकुनांना दरवेळी नवे आडनाव शोधावे लागे. महिन्यांची, फुलांची, ठिकाणांची, सद्गुणांची नावे वापरात आली. मात्र बंदी नव्या मुलांपुरती होती. जे आधीच एस्पोझितो होते, ते एस्पोझितोच राहिले आणि त्यांचा वंश वाढत गेला.

२०/
ही अडचण स्पेनच्या साम्राज्यालाही भेडसावत होती. तेथे याच अर्थाचे ‘एक्स्पोसितो’ हे आडनाव रूढ होते. १७९४ साली चौथ्या कार्लोस राजाने फर्मान काढून अशा मुलांना कायद्याच्या दृष्टीने औरस ठरवले. या मुलांना त्यांच्या जन्मावरून हिणवणे हाही त्याने दंडनीय अपराध केला.

२१/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत चाकांविरुद्धच मोहीम उभी राहिली. चाक मूल टाकणे सोपे करते आणि मृत्यू वाढवते, हा सुधारकांचा आक्षेप. फेर्रारा शहराने १८६७ मध्ये, तर मिलानने १८६८ मध्ये चाक बंद केले. नेपल्स आणि फ्लॉरेन्सची चाके १८७५ साली थांबली. उरलीसुरली चाके १९२३ मध्ये देशभर रद्द झाली. चाकाच्या जागी कचेरी आली आणि मूल आणणाऱ्याला आत येऊन नोंद करावी लागू लागली.

२२/
नावांचा प्रश्न कायद्याने नंतर सोडवला. १९३९ च्या नागरी नोंदणीच्या कायद्याने, ज्यांचे आईबाप अज्ञात आहेत अशा मुलांना जन्माची हकिगत सूचित होईल असे नाव वा आडनाव देण्यास मनाई केली. २००० सालच्या नव्या नियमांतही ती कायम राहिली. आज इटलीत टाकलेल्या मुलाला ‘एस्पोझितो’ असे नाव देता येत नाही. आज ते नाव मिळते ते आईबापांकडूनच.

२३/
१८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक इटलीतून परदेशी गेले. पुढील ओघात दक्षिणेतील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्याबरोबर एस्पोझितो अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स आणि कॅनडा येथे पोहोचले. नव्या देशात शब्दाचा अर्थ कुणाला कळत नसे. शेरा समुद्रात बुडाला आणि उरले ते निव्वळ नाव.

२४/
कॅनडातील फिल एस्पोझितो हा राष्ट्रीय हॉकी लीगच्या एका हंगामात शंभर गुणांचा टप्पा गाठणारा पहिला खेळाडू ठरला (१९६८–६९). त्याचा भाऊ टोनी नामांकित गोलरक्षक. कोपनहेगनमध्ये जन्मलेला अमेरिकी अभिनेता जानकार्लो एस्पोझितो हा नेपोलितान पिता आणि आफ्रिकी-अमेरिकी माता यांचा पुत्र. तत्त्वज्ञ रोबेर्तो एस्पोझितो यांनी ‘समुदाय’ या संकल्पनेवर मौलिक लेखन केले.

२५/
अर्जेंटिनात या नावाला एक विलक्षण वळण मिळाले. ब्वेनोस आयरेसमध्ये १७७९ साली टाकलेल्या मुलांसाठी गृह स्थापन झाले आणि त्याच्या खर्चासाठी १७८० मध्ये छापखाना सुरू झाला. ‘एक्स्पोसितो मुलांचा छापखाना’ असेच त्याचे नाव. त्या देशातील मुद्रणाच्या आरंभीच्या इतिहासात या छापखान्याला मानाचे स्थान आहे. पुढे त्याच भूमीवर नेपल्सहून आलेले एस्पोझितो उतरले. एकाच लॅटिन शब्दाचे स्पॅनिश आणि इटालियन असे दोन प्रवाह तेथे एकत्र आले.

२६/
आज एस्पोझितोंची सर्वांत दाट वस्ती नेपल्स आणि कांपानियातच आहे. उत्तरेकडील औद्योगिक शहरांतही ते आढळतात, कारण विसाव्या शतकात दक्षिणेतील लोक कामासाठी तिकडे गेले. नकाशावर ही वस्ती पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. हा नकाशा टाकलेल्या मुलांचा नाही, जगलेल्या मुलांचा आहे. जी पहिल्या वर्षातच गेली, त्यांचा वंश नाही. ज्या मुली जगल्या, त्यांचे नाव पुढे चालले नाही.

२७/
अन्नुन्झियातेच्या भिंतीतील ते चाक आजही नेपल्समध्ये पाहायला मिळते. बाहेरच्या बाजूची फट बंद झाली आहे. आतील दालनात संस्थेच्या स्मृती जपल्या आहेत आणि जुन्या नोंदवह्यांत हजारो नावे ओळीने उभी आहेत : पहिले नाव निरनिराळे, दुसरे एकच.

२८/
घराणे सांगणारी आडनावे जगात पुष्कळ आहेत. एस्पोझितो हे घराणे नसलेल्यांचे आडनाव. ज्या शब्दाने एका मुलाला कोणाचेही नाही असे ठरवले, त्याच शब्दाखाली पुढे लाखोंचे संसार उभे राहिले. लज्जेपोटी दिलेले नाव त्या मुलांच्या वंशजांनी कष्टाने प्रतिष्ठित केले आणि आज नेपल्समध्ये त्याहून अधिक ‘आपले’ असे दुसरे नाव नाही.

(समाप्त)