आयुष्मान भारत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजना: तुमचं कुटुंब पात्र आहे का, मोबाईलवर कसं तपासायचं?

आज एका अशा विषयाची माहिती घेऊया ज्यात माझ्या एका चुकीमुळे एका कुटुंबाचं नुकसान झालं.

आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींनी मला विचारलं होतं, "दादा, ते पाच लाखांचं कार्ड आम्हाला मिळतं का, बघता का?" मी आयुष्मान ॲपमध्ये त्यांचा आधार नंबर टाकला. लाभार्थी सापडला नाही, असा मेसेज आला. "मावशी, तुमचं नाव यादीत नाही," एवढं सांगून मी मोकळा झालो. तीन महिन्यांनी त्यांच्या यजमानांना हार्ट अटॅक आला. कार्ड नाही असं समजून त्यांनी मंगळसूत्र गहाण ठेवून रुग्णालयात डिपॉझिट भरलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेडवरच्या रुग्णाच्या नातेवाईकानं त्यांना आरोग्यमित्राकडे पाठवलं, तेव्हा कळलं की घरातल्या केशरी रेशन कार्डावर ते पहिल्या दिवसापासून पात्र होते. पुढचे उपचार योजनेतून झाले, पण आधी भरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

मी नेमकं काय चुकलो, ते समजण्यासाठी आधी एक गोष्ट लक्षात घ्या.

योजना एक नाही, दोन आहेत

१) आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना (केंद्र सरकार): सुरुवात २३ सप्टेंबर २०१८. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार. कुटुंबात किती माणसं असावीत किंवा त्यांचं वय किती असावं, याची अट नाही. आधीपासून असलेले आजारही पहिल्या दिवसापासून कव्हर होतात.

२) महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना (महाराष्ट्र सरकार): २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदललं. आधी दीड लाखाची मर्यादा होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती ५ लाख झाली.

महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्रित राबवल्या जातात. पण पात्रता ठरवायची पद्धत मात्र वेगळी आहे.

केंद्राच्या योजनेत कोण बसतं?

मूळ यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेवरून तयार झाली. म्हणजे इथे फॉर्म भरून पात्र होता येत नाही, तुमच्या कुटुंबाचं नाव डेटाबेसमध्ये असावं लागतं.

गावात हे निकष धरले गेले (यातला एक लागू झाला तरी पुरे):

- कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेलं एका खोलीचं घर
- घरात १६ ते ५९ वयाची एकही व्यक्ती नसणं
- कुटुंबप्रमुख स्त्री आणि घरात १६ ते ५९ वयाचा पुरुष नसणं
- घरात दिव्यांग व्यक्ती आणि धडधाकट प्रौढ कोणीच नसणं
- अनुसूचित जाती किंवा जमातीचं कुटुंब
- भूमिहीन, मुख्यतः मजुरीवर जगणारं कुटुंब

शहरात कामावरून ठरलं: घरकाम करणाऱ्या बायका, फेरीवाले, बांधकाम मजूर, सफाई कामगार, रिक्षावाले, शिंपी, वॉचमन असे ११ गट.

यात नंतर भरही पडली. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. त्यासाठी आधारवरचं वय बघतात.

राज्याच्या योजनेत कोण बसतं?

इथे मुख्य कागद म्हणजे रेशन कार्ड. पिवळं, अंत्योदय, अन्नपूर्णा आणि केशरी कार्डवाले आधीपासून होतेच. २०२३ च्या निर्णयानं पांढरं कार्डवाले आणि रेशन कार्ड नसलेले पण राज्याचं अधिवास प्रमाणपत्र असलेले लोकही आले.

माझी चूक इथेच झाली. मी फक्त केंद्राची यादी बघितली आणि रेशन कार्ड विचारलंच नाही.

मोबाईलवर कसं तपासायचं?

१. प्ले स्टोअरवरून राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाचं 'आयुष्मान' ॲप घ्या.
२. 'बेनिफिशियरी' निवडून मोबाईल नंबर आणि ओटीपीनं लॉगिन करा.
३. राज्य, योजना, जिल्हा निवडून आधार नंबरनं शोधा.
४. नाव दिसलं तर ई-केवायसी करा. आधारच्या ओटीपीनं किंवा चेहरा दाखवून होते.
५. मंजुरी मिळाली की कार्ड डाउनलोड करा. कार्ड मोफत असतं, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

नाव सापडलं नाही तर?

- आधारनं सापडलं नाही तर कुटुंब आयडीनं शोधा. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा आधार टाकून बघा.
- रेशन कार्डावर माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, असं असेल तर नाव जुळत नाही. ते आधी दुरुस्त करून घ्या.
- लग्न होऊन आलेली सून किंवा नवीन बाळ यादीत नसेल, तर नात्याचा पुरावा देऊन सदस्य जोडता येतो.
- तरीही नाही सापडलं तर रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

रुग्णालयात गेल्यावर

पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. रुग्णालय योजनेत आहे का, तेही आधी विचारा, कारण बाहेरच्या रुग्णालयाचं बिल नंतर मिळत नाही. साध्या ओपीडीचा खर्च यात येत नाही, ॲडमिट होऊन घेतलेले ठरावीक उपचारच येतात. तातडीच्या वेळी कागद हाताशी नसतील तर फोनवरून कळवून उपचार सुरू करायची सोय आहे.

हेल्पलाइन: केंद्राची १४५५५, राज्याची १५५३८८.

मावशींचं कार्ड आता माझ्या फोनमध्येही सेव्ह आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनकाकांना आज एकदा विचारा. ॲपवर नाव सापडलं नाही तर "नाही" म्हणण्याआधी त्यांचं रेशन कार्ड बघा.