बाईंची वही आणि क्यूआर कोड

आपल्या गणिताच्या बाईंची ती लांबट वही आठवते का? वर्गात आपण साठच्या वर. चाचणीचे पेपर वाटताना बाई ती उघडून बसायच्या. तिच्यात गुण नसायचे. मी एकदा चोरून पाहिलं, तर माझ्या नावापुढे लिहिलं होतं, 'अपूर्णांकांच्या बेरजेत छेदही मिळवते.' तेव्हा रागच आला होता. आता मी ऑनलाइन शिक्षणाचं सॉफ्टवेअर लिहिते, आणि एकेका मुलाकडे असं पाहणं यंत्राला जमवायचा खटाटोप किती जुना आहे, ते कळतं.

1953 साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत गणिताचा तास बघायला गेले. सगळ्यांना एकच गणित. कुणाचं केव्हाच झालेलं, कुणी अडून बसलेलं, आणि आपलं बरोबर की चूक हे लगेच कुणालाच कळत नव्हतं. त्यावरून त्यांनी शिकवणारं यंत्र बनवायला घेतलं. प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जायचं, ही त्यातली कल्पना आजच्या ॲपमध्येही आहे.

गतीनंतर 'शैली' आली. 1992 साली न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे अशी विभागणी मांडली. आम्हा प्रोग्रामर मंडळींना ती फार आवडली. चार प्रकार म्हणजे चार फोल्डर! 2008 साली हॅरल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी आधीचं संशोधन तपासून सांगितलं, की शैलीनुसार शिकवल्याने मूल अधिक चांगलं शिकतं याला पुरेसा पुरावा नाही. मी ते वाचलं फार उशिरा.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ॲपने एका मुलाला 'श्रवणप्रधान' ठरवलं. तो व्हिडिओ लावायचाच नाही, फक्त ऑडिओ. म्हणून ॲप त्याला आणखी ऑडिओ देत गेलं, अगदी भूमितीचेसुद्धा. मुलगा मुलुंडचा, आपल्याच शाळेतला निघाला, म्हणून मी त्याच्या आईला फोन केला. घरात फोन एकच, डेटा दिवसाला दीड जीबी, आणि ताईची दहावी. व्हिडिओ तिच्यासाठी राखून ठेवलेले. दोन महिने तो आकृती न बघता भूमिती ऐकत होता. तो नियम मी लिहिला होता.

त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. सगळ्यांना पाठ एकच, पण डेटा लागत नव्हता. अशा मुलांसाठी तीच खरी सोय.

परितेवाडीची गोष्ट मात्र मी पुन्हा पुन्हा वाचते. रणजितसिंह डिसले गुरुजी 2009 साली सोलापूर जिल्ह्यातल्या या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा इमारत मोडकळीला आलेली, शेजारी गुरांचा गोठा. मुलींच्या घरची भाषा कन्नड. गुरुजी आधी ती शिकले, पुस्तकांचा त्यांच्या भाषेत अनुवाद केला. पुढे पानांवर क्यूआर कोड आले. स्कॅन केलं की कविता ऐकू येई, धडा दिसे, स्वाध्याय मिळे. कोडमागचा मजकूर आणि स्वाध्याय ते एकेका मुलीप्रमाणे बदलत. 2017 साली राज्याने पहिली ते बारावीच्या पुस्तकांत कोड आणायचं जाहीर केलं, 2020 च्या डिसेंबरात गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पण राज्यभर छापलेला कोड सगळ्यांना एकच. मुलीगणिक मजकूर बदलणारा माणूस छापता येत नाही, असं मला वाटतं.

आमच्या ॲपमधून शैलीचा रकाना मी भांडून काढून टाकला. त्या जागी आता 'कुठे अडलं' असा रकाना आहे. त्या मुलाची पहिली नोंद मी स्वतः केली: 'कोनमापकावरचे आतले आकडे वाचायचे की बाहेरचे, इथे गोंधळतो.'