वरच्या बाणाची किंमत : मागील आज्ञा आठवणाऱ्या एका सोयीचा इतिहास

#थ्रेड #संगणकाचा_इतिहास

१/१७
टर्मिनलमध्ये वरच्या बाणाची कळ दाबली की मागे दिलेली आज्ञा पुन्हा समोर येते. चुकलेले अक्षर दुरुस्त करावे, एंटर दाबावे, काम झाले. ही सोय इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. मात्र १९९२ साली याच सोयीपायी एका संपूर्ण प्रोग्रामचा परवाना बदलला. त्या प्रसंगापर्यंतचा आणि त्यानंतरचा हा प्रवास.

२/१७
आरंभ कागदावर होतो. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापत असे, तीही केवळ कॅपिटल. पडदा नव्हताच. वापरकर्त्याने दिलेली आज्ञा आणि संगणकाचे उत्तर, दोन्ही एकाच कागदी गुंडाळीवर उमटत. उमटलेले अक्षर पुसण्याचा प्रश्नच नव्हता.

३/१७
म्हणून आरंभीच्या युनिक्सने दोन खुणा ठरवल्या. # म्हणजे आधीचे अक्षर रद्द. @ म्हणजे सगळी ओळ रद्द. कागदावर चूक तशीच दिसत राही, ती रद्द झाल्याचे फक्त संगणकाला ठाऊक असे. ओळीच्या मध्यभागी जाऊन एखादे अक्षर बदलणे शक्य नव्हते. पहिल्याच शब्दात चूक सापडली तर ओळ नव्याने लिहावी लागे.

४/१७
दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवण्याची कल्पना लिस्प या भाषेच्या जगात लवकर रुजली. १९७०च्या दशकाच्या आरंभी वॉरन टाइटलमन यांनी बीबीएन-लिस्पमध्ये (हीच पुढे इंटरलिस्प झाली) ‘प्रोग्रामर्स असिस्टंट’ ही व्यवस्था घडवली. ती प्रत्येक आज्ञेची नोंद ठेवी. ‘रीडू’ म्हटले की आज्ञा पुन्हा चाले, ‘फिक्स’ म्हटले की दुरुस्त करता येई आणि ‘अनडू’ म्हटले की तिचे परिणामही मागे घेतले जात.

५/१७
युनिक्सच्या वापरकर्त्यांना ही स्मृती सी शेलमधून लाभली. बर्कलीतील बिल जॉय यांनी लिहिलेला हा शेल १९७९ साली बीएसडीच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर वितरित झाला. त्यात !! लिहिले की मागची आज्ञा पुन्हा चाले; !$ म्हणजे मागच्या आज्ञेतील शेवटचा शब्द. ही खुणांची भाषा आजही बॅशमध्ये जिवंत आहे.

६/१७
या खुणा कागदी टर्मिनलवरही चालत, कारण त्यांना पडदा लागत नाही. मागची ओळ डोळ्यांसमोर आणून तिच्यात फिरायचे असेल, तर मात्र पडदा हवा. पडद्याची टर्मिनले स्वस्त झाल्यावर हे घडले. १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांनी युसेनिक्स परिषदेत मांडलेल्या कॉर्न शेलमध्ये ईमॅक्स आणि व्हीआय या दोन्ही संपादकांच्या पद्धतीने ओळ दुरुस्त करता येत होती.

७/१७
येथे थोडी यंत्रणा समजून घेऊ. युनिक्समध्ये सामान्यतः टंकित केलेली ओळ आधी कार्यप्रणालीच सांभाळते आणि एंटर दाबल्यावर पूर्ण ओळ प्रोग्रामच्या हाती देते. या टप्प्यावर दुरुस्तीची सोय तुटपुंजी असते. बाणाची कळ तर अनेक संकेतांची मालिका पाठवते. ती ओळखणारे कोणी नसेल, तर पडद्यावर चमत्कारिक चिन्हे उमटतात.

८/१७
ओळ-संपादन हवे असेल तर प्रोग्रामला ही व्यवस्था बाजूला सारावी लागते. प्रत्येक कळ स्वतः वाचायची, कर्सर कोठे आहे ते लक्षात ठेवायचे, प्रत्येक बदलानंतर ओळ पुन्हा रेखाटायची, लांब ओळ पडद्याच्या कडेला वळली तर तेही सांभाळायचे. काम किचकट आहे. प्रत्येक प्रोग्रामने ते स्वतंत्रपणे करावे, हे कोणालाच परवडणारे नव्हते.

९/१७
हे ओझे उचलले ‘रीडलाइन’ने. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ब्रायन फॉक्स फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनसाठी बॅश हा शेल लिहीत होते. त्याची पहिली चाचणी-आवृत्ती जून १९८९मध्ये आली. त्यातील ओळ-संपादनाचा भाग स्वतंत्र लायब्ररी म्हणून उपलब्ध झाला. पुढे चेट रॅमी यांनी बॅश आणि रीडलाइन या दोन्हींची धुरा उचलली.

१०/१७
रीडलाइनचे आकर्षण तिच्या सोपेपणात होते. ओळ वाचण्याच्या जागी तिचे एक फंक्शन बोलवायचे आणि वाचलेली ओळ दुसऱ्या फंक्शनने इतिहासात टाकायची. एवढ्या दोन बदलांनी कोणत्याही भाषेचा रुक्ष कन्सोल बोलका होई : बाण, शोध, कर्सरची ये-जा, सारे काही.

११/१७
पण या लायब्ररीला एक अट जोडलेली होती. ती जीपीएल या परवान्याखाली होती. तिच्याशी जोडून वितरित केलेला संपूर्ण प्रोग्राम त्याच परवान्याच्या अटींवर द्यावा लागे. म्हणजे सोर्स कोड खुला आणि तो बदलण्याचे, वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला. फाउंडेशनने १९९१ साली लायब्ऱ्यांसाठी एक सौम्य परवानाही काढला. रीडलाइन मात्र हेतुपूर्वक मूळ परवान्याखालीच राहिली.

१२/१७
आता १९९२. जर्मनीतील ब्रूनो हायबल आणि मिखाएल श्टोल यांनी सीलिस्प नावाची लिस्पची अंमलबजावणी केली होती. तिचा जन्म अटारी एसटी या घरगुती संगणकावर झालेला. ती जीपीएलखाली नव्हती, पण तिच्या कन्सोलला रीडलाइनची जोड होती. हे लक्षात येताच रिचर्ड स्टॉलमन यांनी हायबल यांना लिहिले : असे असेल तर संपूर्ण सीलिस्प जीपीएलखाली यायला हवे.

१३/१७
हायबल यांनी युक्तिवाद केला. सीलिस्प रीडलाइनविनाही चालते; मग ते सुट्या भागांत द्यावे आणि अखेरची जोडणी वापरकर्त्याने स्वतः करावी. रीडलाइनसारखाच बाह्य आकार असलेली, पण आतून काही न करणारी पर्यायी लायब्ररीही त्यांनी पुढे केली. स्टॉलमन यांना हे पटले नाही. एक भाग दुसऱ्याशी जोडण्याच्या उद्देशानेच घडवला असेल, तर तो एकच प्रोग्राम ठरतो. दोन असल्याचा तो केवळ देखावा, अशी त्यांची भूमिका होती.

१४/१७
हा वाद न्यायालयात गेला नाही. अखेर हायबल यांनी सीलिस्प जीपीएलखाली आणले, आणि हा पत्रव्यवहार ‘सीलिस्प जीपीएलखाली का आहे’ अशा अर्थाच्या नावाने सॉफ्टवेअरसोबतच वाटला. इतिहासाच्या अभ्यासकासाठी हे दुर्मीळ भाग्य आहे. निर्णय आणि निर्णयामागची घासाघीस, दोन्ही एकाच गाठोड्यात सापडतात.

१५/१७
स्टॉलमन यांनी १९९९ साली लिहिलेल्या लेखात रीडलाइनचाच दाखला दिला : किमान एक प्रोग्राम केवळ या लायब्ररीमुळे मुक्त झाला. त्यांच्या दृष्टीने हा विजय होता. दुसरी बाजूही तितकीच खरी. वर्षानुवर्षे लिस्पची अंमलबजावणी घडवणाऱ्यांच्या श्रमाच्या अटी, ओळ दुरुस्त करण्याच्या एका पूरक सोयीने ठरवाव्यात का? दोन्ही पक्ष स्वातंत्र्याचेच नाव घेऊ शकत होते. एकाच्या लेखी ते वापरकर्त्याचे स्वातंत्र्य होते, दुसऱ्याच्या लेखी लेखकाचे.

१६/१७
ज्यांना ही अट नको होती, त्यांच्यासाठी निराळ्या वाटा निघाल्या. बीएसडी परंपरेत लिबएडिट उभी राहिली. आरएलरॅप या साधनाने प्रोग्रामला हात न लावता बाहेरूनच ही सोय पांघरली. २०१० साली साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी लाइननॉइज ही अगदी छोटी लायब्ररी लिहिली. आणि ऑक्टोबर २०२४मध्ये आलेल्या पायथन ३.१३ने पायपाय प्रकल्पातून घेतलेला, पायथनमध्येच लिहिलेला नवा कन्सोल स्वीकारला.

१७/१७
संगणकाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा आणि शोधांचा म्हणून वाचतो. पण परवाने, पत्रे आणि सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या दुर्लक्षित फाइलीही अस्सल साधने आहेत. एखादा प्रोग्राम असाच का आहे, याचे उत्तर पुष्कळदा त्यांत दडलेले असते. शेवटी प्रश्न तुमच्यासाठी : हायबल यांच्या जागी तुम्ही असता, तर बाण सोडला असता की परवाना बदलला असता? उत्तर कारणांसह लिहा.